असू दे म्हणून

तिसऱ्यांदा काटा शून्यावर.
सोमवारी भरून आणलेलं सिलिंडर
गुरुवारी उचललं, तर हाताला
नुसतं लोखंडाचं वजन.
वेल्डिंगच्या दुकानातला ग्लेन सुटे पैसे मोजताना म्हणाला,
"मार्लिस, तुझा सासरा बिअर पितो, की नुसता गॅसच?"

टू हार्बर्समध्ये नोव्हेंबर.
सरोवर दिवसभर करड्या रंगाचं, संध्याकाळी कुठल्याच नाही.
कर्ट लोहखनिजाच्या जहाजावर,
जानेवारीत गोदी गोठेपर्यंत परत नाही.
गॅरेजमध्ये आम्ही दोघं:
मी, आणि चाळीस वर्षं वाफेचे पाइप जोडून
कान गमावलेला वेइको.

गळती आधी कानाला कळते म्हणतात.
त्याला कळणार नाही.
मला कळत नाही, कारण फ्रिज गुरगुरतो, पत्र्यावर वारा,
आणि तो सारखा मोठ्यांदा बोलतो,
जणू बहिरी मीच.

म्हणून साबण.
भांड्यांचा साबण, कोमट पाणी, दाढीचा जुना ब्रश.
आधी पिंपाचं झाकण.
त्याचं रबरी कडं काढून त्याने बोटांत फिरवलं,
नखाने चीर शोधली, ग्रीस चोळून परत घातलं.
गॅस सोडला, झाकण खट्कन वर येऊन बसलं.
ब्रश फिरवला. वाट पाहिली.
काही नाही.

मग पिंपाची दोन तोंडं, गॅसचं आणि बिअरचं.
प्रत्येकात एक बारीक स्प्रिंग,
त्यातली एक उडाली ती थेट बर्फ ओढायच्या फावड्यामागे.
ती शोधताना मला
तीन हिवाळ्यांपूर्वी हरवलेला डावा मोजा सापडला.
स्प्रिंगही सापडली.
तिथेही काही नाही.
नळीवरचे चिमटे. नाही.
पितळी तोटी. नाही.

वेइको प्रत्येक नट थोडा आणखी आवळत जातो.
पाना त्याच्या हातात, कळ माझ्या दाढेत.
"बस्स," मी म्हणते. तो ऐकत नाही.
ऐकू येत नाही आणि ऐकत नाही,
यातला फरक या घरात
नऊ वर्षांत मला लागलेला नाही.

उरला सिलिंडरच्या मानेवरचा जोड.
"तिथे नको बघूस," तो म्हणाला,
"तिथे मी स्वतः दोन वायसरं घातलीत."
मी तरी ब्रश टेकवला.

नटाच्या खालच्या कडेला
मोहरीएवढा फुगा.
शेजारी दुसरा.
मग माशाच्या गाबोळीसारखा
चमकता, हलता पुंजका.

तो वाकला. चष्मा कपाळावर ढकलला.
आम्ही जेवताना, झोपेत,
शनिवारी सौनात पाठीला पाठ लावून बसलेलो असताना
जे चाललं होतं,
ते आता त्याला दिसत होतं.

जोड उघडला.
आत कारखान्यातूनच बसवलेलं एक रबर.
त्यावर याचं फायबरचं वायसर.
त्यावर आणखी एक, असू दे म्हणून.
तिघांपैकी कुणीच कुणावर नीट टेकलेलं नाही.

ही त्याची जुनी खोड.
मागच्या दाराला दोन कड्या.
कर्टच्या पिशवीत तीन लोकरी टोप्या.
माझ्या टपालगाडीत, मला न विचारता,
चाकं घसरली तर म्हणून वाळूची गोणी.

मी काही बोलले नाही.
दोन्ही वायसरं तळहातावर घेऊन
तो उलट्या बादलीवर बसून राहिला.
मग म्हणाला, आणि चक्क हळू आवाजात,
"गोदीवर एकदा माझा एक जोड सुटला.
आर्व्हिड वाफेसमोर होता.
त्यात एकच घातलं होतं."

फ्रिज थांबला होता. वाराही असेल.
मला पहिल्यांदा त्या गॅरेजमध्ये
काहीच ऐकू आलं नाही.

त्याने वायसरं शर्टाच्या खिशात टाकली, बटण लावलं.
नट हाताने फिरवला,
आणि पाना माझ्यापुढे धरला. "पाव फेरा. तू कर."
मी केला.
काट्यापाशी काचेवर पेन्सिलीने रेघ मारली,
दिवा घालवला.

सकाळी काटा रेघेवर होता.
रात्री पडलेल्या बर्फात
घरापासून गॅरेजपर्यंत गेलेली पावलं होती,
मोठी, टाच ओढत चालणारी,
आणि ती दोनदा गेलेली होती.